डिझेल एसयूव्ही घेतोयस? आधी घाट चढून बघ

ह्युंदाई क्रेटाचं १.५ लिटर डिझेल इंजिन ११६ पीएसचं (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच), टाटा हॅरियरचं २ लिटर १७० पीएसचं. तरी शहरात मला क्रेटाच जास्त शांत आणि हलकी वाटते. पण पाच माणसं आणि सामान भरून खंबाटकी घाट चढ; हॅरियरचा ३५० एनएम टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, तिथे कळतो. सेकंडहँड हॅरियर बघत असशील तर २०२३ च्या आधीचं स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे, पार्किंगला जड लागतं.

आणि रोजचं ऑफिस चार किलोमीटरवर असेल तर डिझेल घेऊच नकोस. डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साचते, ती जळायला सलग धाव लागते. माझ्या गाडीत डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा पेटला, तो सातारा रस्त्यावर अर्धा तास न थांबता चालवल्यावरच विझला.