ऑलिव्ह तेल : कोणतं घ्यावं, कसं वापरावं?

प्रश्न : एक्स्ट्रा व्हर्जिन, ‘लाइट’ आणि पोमेस यांत फरक काय?

एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणजे फळं दळून, रसायनं न वापरता केवळ यंत्राने काढलेलं तेल. त्यात मुक्त आम्लता (सुट्या स्निग्धाम्लांचं प्रमाण) १०० ग्रॅमला ०.८ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. ‘लाइट’ हे मुख्यतः रिफाइंड तेल. चव हलकी, उष्मांक मात्र तेवढेच. पोमेस तेल काढून उरलेल्या चोथ्यातून द्रावकाने काढून रिफाइंड करतात. तळणाला चालेल, पण पॉलिफिनॉलसाठी (फळातल्या अँटिऑक्सिडंट घटकांसाठी) त्यावर पैसे घालवू नका. बाटली गडद काचेची, हंगामाचं वर्ष छापलेली घ्या. शेगडीजवळ ठेवू नका आणि उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवा.

प्रश्न : तेल चाखताच घशात ठसका लागतो. भेसळ असेल का?

उलट, ती ताजेपणाची खूण आहे. हा ठसका ओलिओकँथल या तेलातल्या नैसर्गिक घटकाचा. खराब तेलाला खवट वास येतो. फ्रीजमध्ये तेल गोठतं की नाही, यावरून शुद्धता मुळीच कळत नाही.

प्रश्न : गरम केल्यावर ते विषारी होतं म्हणतात.

नाही. चांगलं एक्स्ट्रा व्हर्जिन साधारण १९० ते २१० अंशांना धुरायला लागतं आणि रसभाजी १०० अंशांच्या आसपासच शिजते. फोडणीही चालते, फक्त धूर निघायच्या आत मोहरी टाका.

प्रश्न : रोज सकाळी उपाशीपोटी दोन मोठे चमचे पितो. हृदयाला फायदा होईल ना?

एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० उष्मांक असतात. नेहमीच्या जेवणावर हे वरून पडले, तर वजन वाढेल. स्पेनमधल्या प्रेडिमेड अभ्यासात (२०१३, दुरुस्त विश्लेषण २०१८) हृदयविकाराचा धोका असलेले ७,४४७ लोक होते. एक्स्ट्रा व्हर्जिन मिळालेल्या गटात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयरोगाने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण, कमी स्निग्धांशाचा सल्ला मिळालेल्या गटापेक्षा सुमारे ३० टक्के कमी आढळलं. पण ते तेल स्वयंपाकासाठी होतं, आणि सोबत भाज्या, डाळी-कडधान्यं, मासे वाढवून लोणी-क्रीम कमी करायला सांगितलं होतं.

म्हणून तेल भाजीत जाऊ द्या. ग्रीसमधली फसोलाकिया, म्हणजे फरसबीची भाजी, चार जणांसाठी अशी : चिरलेला एक कांदा ८० मिलिलिटर तेलात मऊ करा, अर्धा किलो फरसबी, तीन किसलेले टोमॅटो, मीठ आणि जेमतेम अर्धी वाटी पाणी घाला. झाकून मंद आचेवर ४०-४५ मिनिटं शिजवा. शेवटी पाणी आटून तेल सुटलं पाहिजे. पाणी जास्त झालं तर भाजी उकडल्यासारखी बेचव लागते. तेव्हा झाकण काढून आटवा. आच मोठी केलीत तर शेंगा मऊ व्हायच्या आधीच टोमॅटो तळाला लागतो. कोमट झाल्यावर पावाबरोबर वाढा.