पाटल्या गहाण ठेवून एक वर्षाचा ‘नर्सिंग’ कोर्स करावा का?

नाशिकच्या सातपूरमधल्या एका ताईंचं पत्र थोडक्यात असं. वय 33, बारावी पास, मुलगी सहावीत, मिस्टर अंबडच्या कंपनीत. ताई एका मेसमध्ये दोन्ही वेळच्या पोळ्या करून महिन्याला 7,000 रुपये कमावतात. एका खासगी क्लासमध्ये एक वर्षाचा ‘डिप्लोमा इन नर्सिंग केअर’ आहे, फी 85,000. त्यातले 5,000 भरून झालेत. उरलेल्या 80,000 साठी पतसंस्थेत पाटल्या गहाण ठेवायच्या, व्याज वर्षाला 12 टक्के. क्लास दिवसभराचा, म्हणजे मेस सुटणार. क्लासवाले 20,000 पगार सांगतात. हाच कोर्स केलेल्या मैत्रिणीच्या हातात मात्र 11,000 पडतात. शनिवारपर्यंत पैसे भरले नाहीत तर फी वाढेल, असंही त्यांना सांगितलंय.

ताई, हे पैसे भरू नका.

नर्स म्हणून काम करायचं तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी लागते. ती एएनएम (सहायक परिचारिका व प्रसविका), जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसविका) किंवा बीएस्सी नर्सिंग मान्यताप्राप्त संस्थेतून केल्यावर मिळते. त्यात सगळ्यात कमी मुदतीचं एएनएम, तेही 2 वर्षांचं. तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकाच्या फोटोत मी ‘परिषद’ हा शब्द शोधला, कुठेच सापडला नाही. तळाला बारीक अक्षरात ‘संस्थेचे स्वतःचे प्रमाणपत्र’ आणि पावतीवर ‘भरलेली फी परत मिळणार नाही’, एवढंच आहे.

आता हिशेब. 80,000 फी, 9,600 व्याज आणि मेसचे बुडणारे 84,000 मिळून 1,73,600 झाले. मी मैत्रिणीचा पगार धरते, क्लासवाल्यांचा नाही. म्हणजे आजच्यापेक्षा महिन्याला 4,000 जास्त. एवढी रक्कम भरून निघायला साडेतीन वर्षांहून जास्त लागतील, आणि त्यानंतरही तुम्ही नोंदणीकृत नर्स नसालच. भरलेले 5,000 मी हिशेबात धरलेच नाहीत. ते परत मागून बघा, पण त्यांच्यापायी 80,000 घालू नका.

मैत्रीण करते ते काम जनरल ड्युटी असिस्टंटचं, म्हणजे जीडीएचं आहे. अंग पुसणं, बेडपॅन देणं, चादर बदलणं, रुग्णाला चालवणं. औषधं आणि इंजेक्शन नर्सकडे. मी हे काम हलकं मानत नाही. माझी आई पक्षाघाताने आठ महिने अंथरुणावर होती. येणाऱ्या मावशी दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायच्या आणि कंबरेखाली, टाचांना लाल डाग दिसतोय का ते खिडकी उघडून उजेडात बघायच्या. आईला एकही बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, झाली नाही. पण त्यांच्या पैशातला मोठा वाटा त्यांना कामावर पाठवणारा ब्युरो कापून घ्यायचा, हे मला फार उशिरा कळलं. म्हणून कामाला लागताना हातात नक्की किती पडणार, हे आधी विचारा.

जीडीएचं प्रशिक्षण 2015 पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत विनाशुल्क मिळतं. नाशिकच्या जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात जाऊन सध्याची बॅच कुठे आहे ते विचारा आणि केंद्रात प्रत्यक्ष रुग्णालयातला सराव किती दिवस आहे ते बघून या. चार महिने धरले आणि मेस पूर्ण सुटली तरी 28,000 बुडतील, म्हणजे सात महिन्यांची भरपाई. संध्याकाळच्या पोळ्या चालू ठेवता आल्या तर तूट 14,000 वर येईल.

ही तूट पत्रात लिहिलेल्या तुमच्या पोस्टाच्या आरडीतून, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायच्या खात्यातून, निघते. तुमचे 2,000 प्रमाणे 22 हप्ते झालेत, म्हणजे 44,000. ही आरडी तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही, पण 12 हप्त्यांनंतर जमा रकमेच्या निम्मं कर्ज मिळतं, आरडीच्या दरापेक्षा 2 टक्के जास्त व्याजाने. तुम्हाला 22,000 पर्यंत मिळतील. लागतील तेवढेच घ्या आणि हप्ता चुकवू नका.

एएनएमचा विचार मात्र मनातून काढू नका. प्रवेशाची कमाल वयोमर्यादा 35 आहे आणि तुम्ही 33 च्या, म्हणजे निर्णय याच वर्षी-दोन वर्षांत व्हायला हवा. दोन वर्षांत मेसचे 1,68,000 बुडतील, फी वेगळी. आणि पुढे आरोग्य सेविका म्हणून सुरगाणा किंवा पेठसारख्या लांबच्या तालुक्यातल्या उपकेंद्रात नेमणूक झाली तर मुलीची शाळा कशी सांभाळायची, हे मिस्टरांशी आत्ताच बोलून घ्या. ते जमणार असेल तर जीडीए वगळून थेट एएनएमला जा. त्यासाठी काढलेलं शैक्षणिक कर्ज मला पटेल, कारण 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि हातात नोंदणी येते. जमणार नसेल तर जीडीए करून कामाला लागा.

शनिवारी क्लासकडे जाऊ नका. सोमवारी आधार कार्ड, बारावीची गुणपत्रिका आणि आरडीचं पासबुक घेऊन निघा. पाटल्या घरीच राहू द्या.