मॅनेजमेंट शिकून काम लागते का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातली आहे. यंदा बारावी कॉमर्स झाली, ६८ टक्के पडले. घरी पाच एकर कोरडवाहू वावर, पराटी (कपाशी) आणि तूर. तालुक्याच्या कॉलेजात बी.कॉम. आहे, एसटीची पास काढली की झालं. पण नागपूरचे मामा म्हणून राहिले की आता बी.कॉम.ला कोणी विचारत नाही, बीबीए कर, मॅनेजमेंटचं स्पेशलायझेशन घे, कंपनीत मॅनेजर होशील. बाबा म्हणतात एवढी फी भरून शेवटी दुकानातच उभं राहायचं तर काहून जायचं. खरंच यात करिअर आहे का? आणि सीईटी द्यावी लागते म्हणे? – एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : पोरी, असाच प्रश्न विचारणारी आणखी बरीच पत्रं आलेली आहेत म्हणून तुझ्या उत्तराला यावेळी जरा जास्त जागा घेते.

आधी सीईटीचं सांगते कारण फॉर्मची तारीख गेली की पुढचं सगळं बोलणं वाया. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस हे मॅनेजमेंटचे आणि बीसीए हा कॉम्प्युटरचा, हे कोर्स एआयसीटीईच्या, म्हणजे तांत्रिक शिक्षण पाहणाऱ्या केंद्राच्या परिषदेच्या अखत्यारीत गेले आणि तेव्हापासून आपल्या राज्यात त्यांच्या प्रवेशाला सीईटी सेलची, म्हणजे प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सरकारी कार्यालयाची परीक्षा लागते. पेपर इंग्रजीतून, १०० प्रश्न, त्यात इंग्रजी, रिझनिंग, जनरल नॉलेज आणि कॉम्प्युटरची तोंडओळख. चुकलं तर मार्क कापत नाहीत, म्हणजे एकही प्रश्न सोडून यायचा नाही. पहिल्या वर्षी आपल्याकडच्या कित्येक पोरांना याचा पत्ताच नव्हता, जागा रिकाम्या राहिल्या आणि परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. काही कॉलेजांनी तर कोर्सचं नाव बदलून बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज करून टाकलं, त्याला ही सीईटी लागत नाही. म्हणून कॉलेजचा बोर्ड पाहून भुलू नको, ऑफिसात जाऊन दोनच गोष्टी विचार, कोर्स एआयसीटीई मंजूर आहे का आणि डिग्रीवर नाव कोणत्या विद्यापीठाचं येणार. तुमच्या जिल्ह्याला अमरावतीचं संत गाडगे बाबा विद्यापीठ लागते, नागपुरात गेलीस तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज.

आता मामाचं. मामा तुझं भलंच पाहून राहिले, पण बीबीए झाल्या झाल्या कोणी मॅनेजर करत नाही. एकवीस वर्षांच्या पोरीला पहिली जी कामं मिळतात ती सेल्सची, बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या बॅक ऑफिसची, स्टोअरची, अकाउंट्समध्ये हाताखाली, नाहीतर भरतीसाठी दिवसभर फोन लावायची. त्यातून चार-सहा वर्षांनी माणूस वर चढतो, किंवा एमबीए करून थोडा लवकर चढतो. हे आधीच माहीत असलं की पहिला पगार पाहून रडू येत नाही.

कोर्समध्ये पहिली दोन वर्षं अकाउंट्स, अर्थशास्त्र, व्यापारी कायदे, स्टॅटिस्टिक्स, मार्केटिंग, एचआर असं सगळं थोडं थोडं असते, स्पेशलायझेशन साधारण तिसऱ्या वर्षी येते. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडता येते, चौथं केलं तर ऑनर्स. माझं मत विचारशील तर नुसतं जनरल मॅनेजमेंट घेऊ नको. इंटरव्ह्यूत समोरचा माणूस विचारतो की बाई तुला करता काय येते, टॅली येते का, जीएसटीचं रिटर्न भरता येते का, एक्सेलमध्ये महिन्याचा स्टॉक लावून दाखवशील का. तिथे लीडरशिपच्या व्याख्या चालत नाहीत. तू कॉमर्सची आहेस, जमा-नावे तुला येते, तोच हात पक्का कर आणि फायनान्स घे.

एका पोराचं सांगते. मी एका तालुक्याच्या कॉलेजात बरीच वर्षं शिकवलं, तिथे आर्णीकडचा एक पोरगा होता. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट द्यावा लागतो, बाकीचे झेरॉक्सच्या दुकानातून जुना प्रोजेक्ट आणतात, नाव बदलतात, बाइंडिंग करून देतात. हा पोरगा दिवाळीनंतर एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात जाऊन बसला, काट्याजवळ, एक आडवं रजिस्टर घेऊन. गाडी गेटवर किती वाजता आली, भरलेलं वजन किती, मॉइश्चर मीटरने किती दाखवलं, कापूस खाली कधी झाला, रिकामं वजन कधी झालं आणि काटापट्टी शेतकऱ्याच्या हातात कधी पडली, हे सगळं प्रत्येक गाडीचं. महिनाभर लिहिलं त्यानं. त्यातून निघालं काय, तर भरलेल्या आणि रिकाम्या दोन्ही गाड्या एकाच काट्यावर, म्हणून दुपारी रिकाम्या गाड्या भरलेल्यांच्या मागे अडकून पडायच्या, शेतकरी उन्हात उभा, गंजीजवळ हमाल बसून, आणि सगळे म्हणायचे की हमालच कमी आहेत. यानं लिहून दिलं की तीन भरलेल्या गाड्यांमागे दोन रिकाम्या घ्या. दिवाणजीनं आधी उडवून लावलं, मग चार दिवस करून पाहिलं आणि मग तसंच ठेवलं. पुढच्या हंगामात त्याला तिथेच रुई-सरकीच्या स्टॉकवर घेतलं, आज तो एका सूतगिरणीत कापूस खरेदी पाहतो. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदीत भाव कापला जातो आणि १२ च्या वर गेला की गाडी परत, हे त्याला लहानपणापासून बापाच्या बंडीवर बसून माहीत होतं, आणि १७० किलोच्या गाठीचा खर्च कसा काढायचा हे कॉलेजात शिकला. दोन्ही एका माणसात आले म्हणून त्याचं जमलं. तुझ्याकडे पहिलं अर्धं आहेच बाई, वावरातलं.

आणि कामं फक्त पुण्यालाच आहेत असं नाही. अकोल्याच्या दालमिला, वरुड-मोर्शीची संत्र्याची पॅकिंग हाउसं, बुटीबोरीची एमआयडीसी, नागपूर विमानतळाजवळचं मिहान, आणि आता समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर पूर्ण सुरू झाल्यापासून गोदामं आणि ट्रान्सपोर्टची कामं. शेतकरी उत्पादक कंपन्यांचं, म्हणजे शेतकरीच सभासद असलेल्या कंपन्यांचं तर मुद्दाम सांगते कारण हे गावात कोणाला माहीत नसते. केंद्रानं २०२० मध्ये दहा हजार कंपन्यांची योजना आणली, तिच्या नियमात कंपनीचा सीईओ कोण असावा हे लिहिलेलं आहे, शेतकीचा किंवा ॲग्री-बिझनेसचा पदवीधर, नाहीतर बीबीए. त्याच्या पगाराला योजनेतून महिन्याला २५,००० पर्यंत, आणि एका कंपनीला व्यवस्थापनासाठी तीन वर्षांत मिळून १८ लाखांपर्यंत. पण तीन वर्षांनी ती मदत बंद होते, त्यानंतर कंपनी धंदा करत असली तरच पगार निघतो. म्हणून तिथे जायचं तर आधी त्यांचा ताळेबंद माग, सभासद किती ते नाही, विक्री किती झाली ते पाहा. असं काम आवडलं तर पुढे गुजरातेत आणंदची इर्मा ही ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था आहे, १९७९ मध्ये वर्गीस कुरियन यांनी उभी केली, २०२५ मध्ये ती त्रिभुवन सहकारी विद्यापीठात गेली, नाहीतर सहकार व्यवस्थापन शिकवणारी पुण्याची वैकुंठ मेहता संस्था. नागपुरात आयआयएमसुद्धा आहे, २०१५ पासून, आता मिहानमध्ये, तिथे एमबीएला कॅटची परीक्षा देऊन जाता येते.

बँकेचंही मनात असू दे. ग्रामीण बँकेच्या ऑफिसरला कोणतीही डिग्री चालते आणि मराठी यावी लागते, आणि विदर्भ-कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली, म्हणजे भरती आता त्या नावानं शोधायची.

पैशाचं. २०२४-२५ पासून घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून प्रवेश घेतला तरच. कॉलेजवाला म्हणाला की ताई थेट ॲडमिशन घ्या, सीट आत्ताच पक्की, तर ती मॅनेजमेंट कोट्याची सीट असते आणि तिला ही माफी नाही. तुझा कोर्स आणि तुझा प्रवर्ग त्यात बसतो का हे स्कॉलरशिपच्या खिडकीवर विचारून लेखी घे. एससी असशील तर भारत सरकारची शिष्यवृत्ती वेगळी, तिचा फॉर्म राज्याच्या महाडीबीटी या वेबसाइटवर. राहण्या-जेवणासाठी प्रवर्गाप्रमाणे स्वाधार, आधार किंवा पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, त्याचेही फॉर्म वेळेत भरावे लागतात.

माझ्या भाच्याला असंच एका खाजगी संस्थेनं शंभर टक्के प्लेसमेंट म्हणून घेतलं. घरच्यांनी दोन एकर गहाण टाकलं. शेवटी जी प्लेसमेंट झाली ती क्रेडिट कार्ड विकायची, कमिशनवर, पगार नाहीच. तीन महिन्यांत पोरगा घरी आला आणि वर्षभर कोणाशी बोलला नाही. मला तेव्हा कोणी विचारलंच नव्हतं आणि मीही स्वतःहून बोलली नाही, ते अजून टोचते. म्हणून सांगते, प्लेसमेंट म्हणणाऱ्याला मागच्या वर्षीच्या पोरांचे फोन नंबर माग, चार जणांना लाव आणि पगार बँकेत किती जमा होतो तेवढं विचार. नंबर देत नसतील तर उठून ये.

तर तुझ्यासाठी असं. सीईटी दे. कॅपमध्ये चांगलं कॉलेज, फीमाफी आणि होस्टेल तिन्ही जुळलं तर बीबीए कर, फायनान्स घेऊन. तिन्हीतलं एक जरी जुळलं नाही तर दारव्ह्यातच बी.कॉम. कर, सोबत टॅली-जीएसटी आणि रोज तासभर इंग्रजी, आणि तीन वर्षांनी एमबीएची सीईटी दे. एमबीएला कोणतीही डिग्री चालते, बी.कॉम.वाली मागे पडत नाही. बाबांना हा परिच्छेद वाचून दाखव, त्यांची काळजी खोटी नाही.

प्रश्न : मी अमरावतीला बीबीएच्या तिसऱ्या वर्षाला जाणार. स्पेशलायझेशनमध्ये एचआर घ्यायचा विचार आहे कारण त्यात फिरायचं काम नाही, ऑफिसात बसायचं असते. मित्र म्हणतात मार्केटिंगमध्ये पैसा आहे. काय घेऊ? – एक विद्यार्थी, चांदूर बाजार

उत्तर : भाऊ, फिरायचं नाही म्हणून एचआर घेतोस तर आधी कारखान्यातलं एचआर कुठे बसते ते पाहून ये. नांदगाव पेठच्या एमआयडीसीत जा, कपड्याच्या कंपन्या आहेत तिथे, गेटजवळ जे टाइम ऑफिस असते त्यात सुरुवात होते. सकाळच्या शिफ्टची हजेरी, ठेकेदाराचे किती मजूर आत गेले, कोणाचा ओव्हरटाइम लागला, महिनाअखेरीला पगारपत्रक. पीएफचे १२ टक्के कशावर कापायचे, ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, २१,००० पगारापर्यंत लागते आणि त्यात कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के, हे पाठ पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाल्या आहेत, त्या मराठीतून वाचून काढ, तुझ्या वर्गात दुसरं कोणी वाचणार नाही. हे करायची तयारी असेल तर एचआर चांगलंच आहे, आपल्या भाषेत मजुराशी बोलणारा माणूस त्यांना लागतोच. तयारी नसेल तर मार्केटिंगला जा आणि बियाणं, खत, ट्रॅक्टर यांच्या कंपन्या पाहा, गावोगाव फिरावं लागेल हे मात्र खरं.

प्रश्न : मी गोंदिया जिल्ह्यात राइस मिलमध्ये मुनीम आहे. मुलाचं बीबीए झालं, ४७ टक्के. एमबीए करतो म्हणतो. त्याला मिळेल का? आणि करावं का? – एक वडील

उत्तर : भाऊ, महाराष्ट्रातल्या एमबीएला पदवीला ५० टक्के लागतात, राज्यातल्या राखीव प्रवर्गाला ४५. तुम्ही राखीवमध्ये असाल तर सीईटी देऊन मिळते, जातीचं प्रमाणपत्र, व्हॅलिडिटी आणि लागत असेल तिथे नॉन-क्रीमी लेयर आत्ताच काढून ठेवा, ऐनवेळी सेतूच्या रांगेत जागा जाते. ओपनमध्ये असाल आणि कोणतीच सवलत लागत नसेल तर ४७ वर मिळणार नाही, कोणी पैसे घेऊन करून देतो म्हणाला तरी देऊ नका.

करावं का म्हणाल तर आत्ता लगेच नको. तुम्ही ज्या खुर्चीवर बसता तिथे एका क्विंटल धानामागे सरकारला ६७ किलो तांदूळ जमा करायचा असतो, तुकडा किती निघाला, कोंडा कोणत्या भावानं गेला, बारदाना किती परत आला, भरडाईचं बिल कधीचं अडकलं, हे सगळं तुमच्या वहीत आहे आणि पोराला त्यातलं काहीच माहीत नाही, खरं ना? मालकाला विचारून धानाची आवक सुरू झाली की एक हंगाम त्याला शेजारी बसवा. वही तुमची, कॉम्प्युटर त्याचा. धान गेटमधून आत आल्यापासून तांदूळ गोदामात जमा होईपर्यंतचा हिशोब त्याला एकट्याला लावता येऊ द्या. मग एमबीएच्या मुलाखतीत सांगायला त्याच्याजवळ काहीतरी राहील, आणि नाही गेला तरी मिलवाले त्याला शोधत येतील.