आतड्याच्या ऑपरेशननंतर दिवसातून पाच-सहा वेळा पातळ होतंय, हे किती दिवस चालणार?

मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढून महिनाच झालाय म्हणता, मग असं होऊ शकतं. पाणी शोषणारा भागच कमी झालाय. उरलेलं आतडं ते काम हळूहळू अंगावर घेतं, पण त्याला काही आठवडे, कधी महिने लागतात.

आमच्या आईचं हेच ऑपरेशन झालं. पोटभर जेवण झेपेना, म्हणून दिवसातून सहा वेळा वाटी-वाटीने दिलं: गुरगुट्या भात, मुगाचं वरण, पिकलेलं केळं, ताक. काय खाल्लं नि किती वेळा जावं लागलं, ते ती कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीने लिहायची. त्यावरूनच कळलं, दुधाचा चहा झाला की तासाभरात धावपळ. सांगलीत राहून भडंग चुकवणं अवघड, पण शेंगदाणे, मिरची, लसूण सगळंच त्यात! सर्जन हो म्हणेपर्यंत डबा वरच्या फळीवर.

ओआरएस घोट-घोट घ्या, जुलाबाची गोळी मात्र मनाने नको. पोट फुगून गॅसही सरेना, उलट्या, ताप किंवा रक्त दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.