सोमवारची क्रमवारी

‘शिक्षण अर्धवट, अनुभव शून्य, खेळाशिवाय काही येत नाही. या वयात मला नोकरी कोण देणार?’ खेळ सोडणाऱ्यांकडून हा प्रश्न मी नेहमी ऐकते. जिची हकीकत सांगते आहे (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत), तिचं टेनिस दुखापतीमुळे सुटलं होतं.

घरचे तिला रने लाकॉस्तचं उदाहरण द्यायचे. एकेरीची सात ग्रँड स्लॅम विजेतेपदं मिळवलेल्या या फ्रेंच खेळाडूने तब्येतीमुळे ऐन भरात खेळ सोडला आणि 1933 मध्ये भागीदारीत कपड्यांची कंपनी काढली. गोष्ट खरी आहे, पण पाठीशी जगज्जेत्याचं नाव नसलेली मुलगी अशा गोष्टींनी आणखी खचते. लाकॉस्तकडून घ्यायचीच तर त्याची वही घ्यावी. प्रतिस्पर्ध्यांच्या खेळाच्या बारीकसारीक नोंदी तो लिहून ठेवायचा.

मी तिला खेळातलं एक वर्ष कागदावर मांडायला सांगितलं, सामने वगळून. प्रवेशिकांच्या मुदती, व्हिसा, स्वस्तातली तिकिटं, प्रशिक्षकाचं मानधन, हवेनुसार रॅकेटच्या तारांचा ताण, प्रायोजकांना लिहिलेली पत्रं, पहिल्याच फेरीत हरल्यावर त्याच रात्री बदललेला पुढचा आठवडा. कागद भरला तरी म्हणाली, ‘हे तर सगळेच खेळाडू करतात.’ करतात खरं, पण कंपन्या याच कामांसाठी पगार देऊन माणसं ठेवतात. तिचा बायोडेटा त्या कागदातूनच झाला आणि विक्री विभागात नोकरी लागली.

खरी अडचण त्यानंतर आली, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही याचं मला वाईट वाटतं. टेनिसमध्ये सोमवारी क्रमवारी लागते, मागच्या 52 आठवड्यांच्या कामगिरीवर आपण कुठे आहोत ते कळतं. ऑफिसात महिनोन्महिने कुणी काही सांगत नाही. सोमवार उजाडला की तिच्या छातीत धडधडायचं. ‘जिंकतेय की हरतेय, तेच कळत नाही हो मॅडम.’ शिवाय ती ज्या स्पर्धा खेळली, तिथे सामना चालू असताना प्रशिक्षकाला विचारायची मुभा नव्हती. अडलं तरी एकटीनेच निभावायचं, हे अंगात भिनलेलं. वरिष्ठांना वाटायचं, मुलगी आखडू आहे.

‘सर, इथे अडलंय, दहा मिनिटं मिळतील का?’ एवढं एक वाक्य आम्ही माझ्यासमोर पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. सुरुवातीला ‘अडलंय’ शब्दापाशीच तिचे डोळे भरून यायचे. मी थांबायचे. खेळ सुटल्याचं दुःख तोवर कुणी तिला करूच दिलं नव्हतं. पुढे तिने स्वतःहून वरिष्ठांकडे दर पंधरवड्याला थोडा वेळ मागून घेतला, कामाबद्दल स्पष्ट ऐकण्यासाठी.

आज ती विभागप्रमुख आहे. तुम्हीही या टप्प्यावर असाल, तर आधी तो वर्षाचा कागद भरा आणि खेळाबाहेरच्या कुणाला तरी वाचायला द्या. खेळाडू मित्राला दाखवलात, तर तोही म्हणेल, ‘यात काय विशेष?’