वाचकांचे प्रश्न : राजापूर लोकसभा मतदारसंघ कोठे गेला?

प्रश्न : आमचे घर देवगड तालुक्यात आहे. वडील नाथ पै आणि मधु दंडवते यांच्या सभांच्या आठवणी सांगताना नेहमी ‘आपला राजापूर मतदारसंघ’ असे म्हणतात. मी मात्र मतदान सुरू केल्यापासून ‘रत्नागिरी-सिंधुदुर्ग’ हेच नाव पाहत आलो आहे. राजापूर मतदारसंघ केव्हा आणि का रद्द झाला? राजकीय सोयीसाठी तो मोडला, असे गावात बोलले जाते. त्यात तथ्य आहे काय?
— एक वाचक, देवगड

उत्तर : राजापूर मतदारसंघातून लोकसभेसाठी शेवटचे मतदान २००४ मध्ये झाले. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने आखलेल्या नव्या सीमा फेब्रुवारी २००८ मध्ये अमलात आल्या आणि ‘राजापूर’ व ‘रत्नागिरी’ हे दोन्ही जुने मतदारसंघ एकाच वेळी संपुष्टात आले. त्यांच्या जागी ‘रत्नागिरी-सिंधुदुर्ग’ हा एकच मतदारसंघ आला. त्यात चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. रत्नागिरी जिल्ह्यातीलच दापोली आणि गुहागर हे दोन विधानसभा मतदारसंघ मात्र रायगड लोकसभा मतदारसंघाला जोडण्यात आले.

गावात जे बोलले जाते ते समजण्यासारखे आहे. परंतु या प्रकरणाचा उलगडा कोणाच्या डावपेचात शोधण्यापेक्षा साध्या भागाकारात लवकर सापडतो. आयोगाने २००१ च्या जनगणनेचा आधार घेतला होता. त्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ९ कोटी ६९ लाख होती आणि लोकसभेच्या जागा ४८ होत्या. म्हणजे एका जागेमागे सरासरी सुमारे २० लाख १८ हजार माणसे आली. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या होती सुमारे १६ लाख ९७ हजार आणि सिंधुदुर्गाची सुमारे ८ लाख ६९ हजार. दोन्ही मिळून २५ लाख ६६ हजारांच्या आसपास, म्हणजे या हिशेबाने जेमतेम सव्वा जागा. सव्वा खासदार निवडता येत नसल्यामुळे एक जागा राहिली आणि उरलेला भाग शेजारच्या रायगडात गेला.

याच हिशेबाची दुसरी बाजू पाहिली तर चित्र पुरे होते. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८१ लाख ३२ हजार होती, म्हणजे भागाकार केला तर बरोबर चार जागा. पूर्वी तेथे ‘ठाणे’ आणि ‘डहाणू’ हे दोनच मतदारसंघ होते. २००८ नंतर ठाणे, कल्याण, भिवंडी आणि पालघर असे चार झाले. मुंबईत गिरणीत, गोदीत, नंतर कारखान्यांत आणि कचेऱ्यांत कामाला गेलेला चाकरमानी पुढे डोंबिवली, कल्याण, ठाणे या बाजूला स्थायिक झाला, हे कोकणातील कोणत्याही घराला वेगळे सांगावे लागत नाही. गणपतीला आणि शिमग्याला तो गावी येतो, परंतु जनगणनेत त्याची नोंद तो राहतो तेथेच होते. म्हणून, राजापूरची जागा कोणी पळवली असे म्हणण्यापेक्षा ती आपल्या माणसांच्या मागोमाग गेली, असे म्हणणे अधिक खरे ठरेल. अर्थात ठाण्याच्या वाढीत देशभरातून आलेल्या लोकांचाही मोठा वाटा आहे, हे विसरता कामा नये.

विधानसभेच्या यादीतही हेच घडले. वेंगुर्ले, मालवण, देवगड, संगमेश्वर आणि खेड ही नावे त्याच वेळी मतदारसंघांच्या यादीतून गेली. त्यानंतरच्या, २०११ च्या जनगणनेत तर दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली : रत्नागिरी सुमारे १६ लाख १५ हजारांवर आणि सिंधुदुर्ग सुमारे ८ लाख ५० हजारांवर आले.

प्रश्न : राजापूर मतदारसंघाने वर्षानुवर्षे विरोधी पक्षाचेच खासदार निवडून दिले, असे वाचले. हे कितपत खरे आहे? मतदारसंघाचा थोडक्यात इतिहास द्यावा.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बऱ्याच अंशी खरे आहे, परंतु सरसकट नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ मध्ये, राजापूर या नावाचा लोकसभा मतदारसंघ नव्हता. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे. (सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. राजापूर शहर रत्नागिरी जिल्ह्यात आणि मतदारसंघाचा बराचसा मुलूख सिंधुदुर्गात, असा जो घोळ पुढे वाटू लागला, त्याचे मूळ येथे आहे.) त्या निवडणुकीत जिल्ह्याच्या उत्तर भागातून आझाद हिंद सेनेतील सेनानी जगन्नाथराव भोसले काँग्रेसतर्फे निवडून आले होते. राजापूर मतदारसंघ अस्तित्वात आला १९५७ मध्ये, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या ऐन भरात.

त्या वर्षी प्रजा समाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै येथून विजयी झाले. ते मूळचे वेंगुर्ल्याचे आणि तेव्हा जेमतेम ३४ वर्षांचे होते. शेजारच्या रत्नागिरी मतदारसंघातून त्याच निवडणुकीत जनसंघाचे प्रेमजीभाई आशर निवडून आले. त्यामुळे १९५७ चा निकाल हा राजापूरचा वेगळेपणा म्हणता येणार नाही. तो चळवळीचा कौल होता. वेगळेपणा दिसला तो पाच वर्षांनी. संयुक्त महाराष्ट्र १९६० मध्ये मिळाला, चळवळीचा जोर ओसरला आणि १९६२ मध्ये काँग्रेसने राज्यातील ४४ पैकी ४१ जागा जिंकल्या. तरीही राजापूरने नाथ पै यांनाच पुन्हा पाठवले. १९६७ मध्येही तेच झाले.

नाथ पै यांच्या संसदीय कामगिरीचा येथे उल्लेख केलाच पाहिजे, कारण एका दुर्गम मतदारसंघातील विरोधी सदस्य काय करू शकतो याचे असे उदाहरण विरळा आहे. मूलभूत हक्कांमध्ये बदल करण्याचा अधिकार संसदेला नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात दिला. त्यानंतर काही आठवड्यांतच, हा अधिकार संसदेकडे राहावा यासाठी, नाथ पै यांनी खासगी विधेयक मांडले. ते संयुक्त समितीकडे गेले आणि त्यावर देशभर खल झाला. १९७० च्या अखेरीस लोकसभा विसर्जित झाल्याने ते संमत होऊ शकले नाही; परंतु पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, सरकारने आणलेल्या २४ व्या घटनादुरुस्तीचा रोख तोच होता. जानेवारी १९७१ मध्ये सीमाप्रश्नाच्या निमित्ताने बेळगावला गेले असताना नाथ पै यांचे हृदयविकाराने निधन झाले. ते ४८ वर्षांचे होते.

अवघ्या दोन महिन्यांत सार्वत्रिक निवडणूक आली आणि त्याच पक्षाचे प्राध्यापक मधु दंडवते उभे राहिले. ते कोकणातले नव्हते. जन्म अहमदनगरचा, आणि मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात ते पदार्थविज्ञान शिकवीत. राजापूरने त्यांना १९७१, १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ असे सलग पाच वेळा निवडून दिले. यातील १९८४ चा विजय मला सर्वांत बोलका वाटतो. इंदिरा गांधी यांच्या हत्येनंतरच्या त्या लाटेत काँग्रेसला देशात चारशेहून अधिक जागा मिळाल्या, महाराष्ट्रात ४८ पैकी ४३. जनता पक्षाच्या वाट्याला साऱ्या देशात जेमतेम दहा जागा आल्या आणि त्यांतील एक राजापूरची होती.

मात्र ‘विरोधी’ हा शब्द दंडवते यांना सदासर्वकाळ लावता येत नाही. जनता सरकारात ते १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री होते आणि १९८९-९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते. दरम्यानच्या आणीबाणीत त्यांना बंगळूरच्या तुरुंगात ठेवले होते, तर त्यांच्या पत्नी प्रमिला दंडवते येरवड्याला होत्या. समाजवादी परंपरेचा हा धागा १९९१ मध्ये तुटला. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले आणि दंडवते पराभूत झाले. १९९६ पासून २००४ पर्यंतच्या चारही निवडणुका शिवसेनेचे सुरेश प्रभू यांनी जिंकल्या. म्हणजे जवळजवळ अर्ध्या शतकात राजापूरने एकूण चारच माणसांना लोकसभेत पाठवले.

कोकणी मतदार पक्षापेक्षा माणूस पाहतो, असे यावर सहज म्हटले जाते. मला ते अर्धेच पटते. समाजवाद्यांची गावोगावी बांधलेली कार्यकर्त्यांची फळी आणि चाकरमान्यांमार्फत गावात येणारे मुंबईचे राजकारण, या दोहोंचा हिशेब त्यात धरावाच लागतो. गिरणगावातल्या खोलीत जे वारे वाहत, ते पहाटेच्या एसटीने वाडीवर पोचत असत. मुंबईत शिवसेना वाढली तशी ती कोकणातही पोचली, हा काही योगायोग नव्हे.

प्रश्न : कोकण रेल्वे दंडवते यांनी रेल्वेमंत्री असताना आणली, असे आमच्याकडे ठामपणे सांगतात. नेमके काय आहे?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : श्रेय योग्य माणसाला जाते, साल मात्र चुकते. कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना जुलै १९९० मध्ये झाली. तेव्हा रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस होते आणि दंडवते अर्थमंत्री होते. प्रकल्पाला सर्वांत मोठी अडचण पैशाची होती. त्यामुळे तिजोरीच्या किल्ल्या राजापूरच्या खासदाराकडे असणे ही गोष्ट रेल्वे खाते त्यांच्याकडे असण्याहून अधिक उपयोगाची ठरली. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला हा सुमारे ७४१ किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णपणे वाहतुकीस खुला झाला. त्या वेळी दंडवते खासदार नव्हते.

रेल्वेमंत्री म्हणून त्यांची ओळख राहिली ती वेगळ्या कामासाठी. दुसऱ्या वर्गातील लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या बसविण्याचा निर्णय त्यांचा. मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस ही वर्गभेद नसलेली गाडीही त्यांच्याच काळात, डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झाली. योगायोग असा की, राजापूरचे शेवटचे खासदार सुरेश प्रभू हेही पुढे, २०१४ ते २०१७ या काळात, रेल्वेमंत्री झाले. परंतु तेव्हा ते राज्यसभेचे सदस्य होते.

प्रश्न : पुढील परिसीमनात राजापूर मतदारसंघ पुन्हा होऊ शकेल काय?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : राज्यनिहाय जागांची संख्या १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेली आहे आणि २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. पुढे महाराष्ट्राच्या एकूण जागा वाढल्या, तर तळकोकणाला दुसरी जागा मिळणे अशक्य नाही. परंतु राज्याच्या जागा ४८ च राहिल्या, तर वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणातच होईल, आणि घटत्या लोकसंख्येच्या दोन जिल्ह्यांना आज आहे त्याहून अधिक काही मिळण्याची शक्यता दिसत नाही. आपण डोंबिवलीहून लिहीत आहात. आपले नाव तेथील मतदार यादीत असेल, तर आपले मत कल्याण मतदारसंघात मोजले जाते. राजापूर हे नाव सध्या केवळ विधानसभेच्या मतदारसंघांच्या यादीत उरले आहे.