आईच्या मोतीबिंदूला थेंब घालावेत काय?

तुमचे म्हणणे थोडक्यात असे: आई खानापूरकडच्या गावात, वय ६८, शुगर आहे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर ऑपरेशन सांगतात, आई घाबरते. शेजारच्या गावातला एक वैद्य तीन महिने थेंब घालून 'वितळवून देतो' म्हणतो आणि शेजारणीला गुण आलाय. तर आधी थेंब घालून बघावेत काय, आणि त्रिफळा घृत, म्हणजे त्रिफळ्याचे तूप, द्यावे काय?

माझे बेळगावच्या शहापुरात काष्ठौषधीचे दुकान आहे, ३१ वर्षे झाली. त्रिफळा, पुनर्नवा, ज्येष्ठमध विकूनच माझे घर चालले. तरी सांगतो, घालू नका.

माझ्या आईलाही मोतीबिंदू झाला होता, तेव्हा ती ७१ वर्षांची. थेंबांची बाटली मीच आणली होती. लेबल नाही, रबरी बोंडाचा ड्रॉपर, झाकण काढले की मधाचा आणि पांढऱ्या कांद्याचा वास. थेंब पडला की आई पदराचा बोळा डोळ्याला दाबून पाच मिनिटे गप्प बसायची. "झोंबतंय म्हणजे लागू पडतंय," असे मीच तिला म्हणायचो. आणि खरेच, तिसऱ्या महिन्यात आई चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायला लागली. कित्येक वर्षांत जमले नव्हते. तिने वाकळ शिवायला घेतली, गल्लीतल्या बायका बघून गेल्या. मी कुंदा, आमची दुधाची मिठाई, वाटला आणि त्या वैद्याकडे आणखी आठ-दहा जणांना पाठवले.

तुमच्या शेजारणीचा गुण बहुतेक असलाच असणार. डोळ्यातले भिंग मधोमध घट्ट व्हायला लागले की त्याची ताकद वाढते आणि जवळचे स्पष्ट दिसू लागते. चाळिशीत लागलेला वाचायचा चष्मा काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षेही सुटतो. थेंब न घालणाऱ्यांचाही सुटतो. लांबचे मात्र जाते. आईला सुईचे नाक दिसत होते, पण दारात उभी असलेली माझी बहीण ती आवाजावरून ओळखत होती. हे आमच्या लक्षातच आले नाही. मोतीबिंदू वाढत होता त्याचाच आम्ही कुंदा वाटला.

दीड वर्षाने एका रात्री उजवा डोळा लालभडक, कपाळ फुटेल असे दुखणे, वर ओकाऱ्या. मी पित्त समजून सूतशेखर दिला. सकाळी दवाखान्यात नेले तेव्हा कळले की भिंग फुगून डोळ्यातल्या पाण्याची वाट अडली होती, प्रेशर चढले होते. ऑपरेशन झाले, पण आतली नस रात्रभरात दबून गेलेली. त्या डोळ्याला हात हलला तर सावली कळते, एवढेच. डावा पुढच्या महिन्यात केला. त्या डोळ्याने ती आजही कालनिर्णय वाचते.

मुळात घोळ नावात आहे बघा. कन्नडमध्ये 'कण्णिन पोरे' म्हणतात, पोरे म्हणजे पापुद्रा, सापाची कात. आपणही 'पडदा आला' म्हणतो. मग वाटते, वर साय धरलीय, औषधाने धुऊन निघेल. वडस किंवा फूल हे बुबुळावर असते, बाहेरून दिसते. मोतीबिंदू बाहुलीच्या मागे, भिंगाच्या आत. भिंगातली प्रथिने गुठळून भिंगच गढूळ होते. दुधाचा कुंदा झाल्यावर तो पुन्हा दूध होत नाही, तसेच हे. शास्त्रज्ञांनीही प्रयत्न सोडलेला नाही. २०१५ साली लॅनोस्टेरॉल नावाच्या द्रव्याच्या थेंबांनी कुत्र्यांच्या डोळ्यांतला मोतीबिंदू निवळल्याची बातमी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आली होती. पुढे माणसांच्या काढलेल्या भिंगांवर तपासले तेव्हा तसे काही दिसले नाही. कार्नोसिनचे थेंब ऑनलाइन महाग विकतात, त्यांचाही पुरावा उभा राहिलेला नाही.

आता आयुर्वेदाचे म्हणाल, तर सुश्रुतसंहितेचे उत्तरतंत्र कुणाकडून तरी वाचवून घ्या. नजर धूसर होते त्या 'तिमिरा'ला तिथे घृत, अंजने आहेत. पण कफज लिंगनाश, म्हणजे आपला मोतीबिंदू, त्याला सुश्रुत सरळ शलाका, म्हणजे बारीक सळई, घ्यायला सांगतात. जवाच्या टोकासारखी शलाका, रोग्याने स्वतःच्या नाकाकडे बघत बसायचे, नंतर शिंक, खोकला, ढेकर आवरायची. त्या काळी भिंग काढत नसत, नजरेच्या वाटेतून बाजूला ढकलत. आज शालाक्याचे, म्हणजे आयुर्वेदातल्या डोळे-कान-नाक-घशाच्या शाखेचे, एम.एस. झालेले वैद्यही मोतीबिंदूला शस्त्रक्रियाच सांगतात. नोव्हेंबर २०२० मध्ये भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने त्यांना डोळे-कान-नाक-घशाच्या १९ शस्त्रक्रियांची परवानगी दिली, त्यावरून केवढा गदारोळ झाला आठवतो ना? थेंबाने वितळत असते तर त्यांनी कशाला शस्त्र मागितले असते?

बाटलीतल्या मध-कांद्याने मोतीबिंदू जात नाही हे एक. दुसरे म्हणजे त्यात जंतू असू शकतात, बुबुळावर जखम झाली तर पुढे ऑपरेशनचाही निकाल बिघडतो. शुगरवाल्याला तर जास्तच धोका. काही बिनलेबली थेंबांत स्टेरॉइड असते. लाली लगेच उतरते, माणूस खूश, आणि तेच स्टेरॉइड मोतीबिंदू वाढवते, काचबिंदूही आणते. रुईचा चीक तर नावही काढू नका.

पर्याय खरेच हवा असेल तर एक आहे: तपासत तपासत थांबणे. आईचे स्वतःचे काम चालत असेल, रात्री अंगणात ठेच लागत नसेल, तर नवा नंबर, चुलीजवळ जास्त उजेडाचा बल्ब, आणि दर सहा महिन्यांनी डोळ्याचे प्रेशर व डोळ्यामागचा पडदा तपासणे. 'पिकू दे, मग काढू' ही जुन्या काळची गोष्ट. आता पिकलेला काढणेच अवघड जाते. शुगर आहे म्हणून ऑपरेशन होत नाही हेही खोटे, फक्त आधी ती आटोक्यात आणतात. फेकोत, म्हणजे गढूळ भिंग आतच फोडून काढायच्या ऑपरेशनात, छेद तीन मिलिमीटरच्या आतला, सुन्न करायला पुष्कळदा नुसते थेंब, आणि साधारण वीस मिनिटांत माणूस बाहेर.

सरकारी दवाखान्यात, शिबिरात मोफत होते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना लागू करायचे ठरवले होते. मिरज-कोल्हापूरला न्यायचे असेल तर तुमचे गाव यादीत आहे काय आणि मोतीबिंदू त्यात बसतो काय, हे निघण्याआधी फोनवर विचारा. इकडेच कर्नाटकात केलात तर संमतीचा कागद बहुधा कन्नडमध्ये असतो. आईचा अंगठा घेण्याआधी कन्नड येणाऱ्या पोराकडून तो तिला मोठ्याने वाचून दाखवा. माझ्या आईची अर्धी भीती तिथेच गेली.

आणि ती त्रिफळा घृताची विचारणा. डोळ्यात नाही, पोटातूनही आत्ता नाही. आईला तूप किती चालते ते तिची शुगर बघणाऱ्यालाच विचारा. चालू असलेला काढा, भस्म, सगळे ऑपरेशनच्या डॉक्टरांना दाखवा, लपवू नका. एकदा डोळा बरा झाला की माझ्या दुकानात या, चूर्ण देतो, पोट साफ राहायला.